उभी लढत आणि पडण्याची तालीम



सुगी उरकली, की जत्रांचे दिवस येतात. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आपल्या भागात असा आठवडा जात नाही, की कुठे ना कुठे हलगी कडाडत नाही आणि कुस्त्यांचे मैदान भरत नाही. पोरे तर दिवाळीपासूनच तालमीत घुमायला लागलेली असतात.

या पानावर आपण बियाणे, खते, कीड आणि जनावरांची दुखणी यांवर बोलतो. आज कुस्तीवर लिहितो आहे, तेव्हा काहीजण म्हणतील, साहेबांनी शिवार सोडून हौद्यात उडी कशाला घेतली? कारण साधे आहे. ज्या घरी मी खताची मात्रा सांगायला जातो, त्याच घरी ओसरीवर गुडघ्याला पट्टी बांधून बसलेला अठरा-वीस वर्षांचा पोरगा मला दिसतो. ऐन ऊसतोडीत किंवा पेरणीच्या तोंडावर घरातला एक धडधाकट गडी सहा महिने खाटेवर बसला, तर त्या घराचे गणित कसे विस्कटते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि विचारावे तर उत्तर बहुधा एकच मिळते, “मैदानात नाही हो साहेब, तालमीत लढतीलाच झाले.”

यात नवल नाही. मैदान वर्षातून पाच-दहा दिवसांचे. तालीम तीनशे दिवसांची. मैदानात पंच असतो, हजार डोळे असतात. तालमीत सायंकाळच्या अंधुक उजेडात दोघे एकमेकांना भिडतात आणि वस्ताद तिसऱ्याच पोराला जोर मोजायला सांगत असतात.

आता उभ्या लढतीचेच का सांगतो, ते ध्यानी घ्या. खाली धरलेल्या पकडीत अंगाला मातीचा आधार असतो. उभ्याने खडाखडी सुरू झाली, की दोघांचे मिळून सव्वाशे-दीडशे किलो वजन चार पायांवर तोललेले असते, आणि ते कोणत्या घडीला कोणत्या बाजूला कोसळेल हे दोघांनाही ठाऊक नसते. मोडतोड होते ती बहुधा तीन प्रकारांनी. पडताना हात टेकल्याने, पाय रोवलेला राहून अंग फिरल्याने, आणि डोके किंवा मान आधी खाली आल्याने. चौथा एक प्रकार आहे, त्यात पोराचा स्वतःचा काहीच दोष नसतो. तो पुढे सांगतो.

पहिली गोष्ट पडण्याची. आपल्याकडे पोराला तालमीत घातले, की पहिल्या दिवसापासून जोर-बैठका आणि दुसऱ्या आठवड्यात एकेरी पट. पडायचे कसे, हे कोणी सांगत नाही. ते आपोआप येते अशी समजूत आहे. येते खरे, पण तोवर एखादे मनगट गेलेले असते. माझे म्हणणे असे, की पहिले पंधरा-वीस दिवस डाव नकोच, नुसते पडणे शिकवावे. पोराने उकिडवे बसावे, हनुवटी छातीला लावावी, पाठ गाडीच्या चाकासारखी गोल करावी आणि मागे लवंडावे. डोके मातीला लागता कामा नये. तोंड मिटलेले, जीभ दातांच्या आत, श्वास सोडलेला. हात मागे टेकायचे नाहीत. ते अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून, खांद्यापासून बोटांपर्यंत एकदम मातीवर आपटायचे, म्हणजे पडण्याचा मार एका जागी न बसता पसरतो. मग तसेच डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर. मग पुढे जाताना एका खांद्यावरून तिरकी कोलांटी. हे उकिडव्याने जमले, की गुडघ्यांवरून, मग उभ्याने, आणि शेवटी जोडीदाराने हलकेच ढकलल्यावर. रोज दहा मिनिटे पुरे. जुन्या पैलवानानेही अंग गरम करताना हे करावे, त्यात कमीपणा नाही.

हात का टेकायचा नाही? सरळ ताठ हात जमिनीवर आदळला, की सगळे वजन मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात चढते. जो सांधा कच्चा असेल तो जातो. मनगट मोडते, कोपर निखळते, नाहीतर गळ्याजवळचे आडवे हाड दुभंगते. फांदीवरून पडलेल्या पोराचा हात का मोडतो, तेच कारण.

आपल्या मातीतल्या कुस्तीत एक वेगळीच अडचण आहे. निकाली कुस्तीत गुण मोजत नाहीत. पाठ लागली की चीत, हाच निकाल. म्हणून पोराच्या रक्तात एकच शिकवण भिनलेली असते, की काही झाले तरी पाठ लागू द्यायची नाही. डाव पूर्ण बसला, अंग हवेत गेले, तरी तो वळवळून पोटावर यायला बघतो, हात टेकतो, डोक्यावर पूल घेतो. मैदानात लाखाचे इनाम असताना त्याने ते करावे की नाही, ते त्याचे त्याने ठरवावे. पण मंगळवारच्या लढतीत कसले इनाम? तालमीत डाव बसला, तर मुकाट पडावे, उठावे, पुन्हा हात मिळवावा. जो रोज पडतो तो शिकतो, आणि जो पडायचे नाकारतो त्याचा जोडीदार त्याला आणखी जोराने पाडतो. ही चढाओढ कुठे जाऊन थांबते ते ओसरीवरच्या खाटेवर दिसते.

आमच्या तालुक्यातल्या एका गावी वीस वर्षांचा पोरगा असाच लढत करीत होता. समोरच्याने टांग घातली. हा अर्धा कलला होता, पडला असता तर दोन मिनिटांत उठला असता. पण बाजूला मित्र बसलेले, त्यांच्यासमोर पडायचे कसे? त्याने उजवा पाय मातीत घट्ट रोवला. अंग फिरले, पाय फिरला नाही. गुडघ्यात चटकन् आवाज झाला, तो शेजारच्यांनीही ऐकला. तासा-दोन तासांत गुडघा नारळाएवढा सुजला. घरच्यांनी मालिशवाल्याकडे नेले, त्याने चोळून चोळून ओढला. दीड महिन्याने शहरात नेल्यावर कळले, की गुडघ्यातला मुख्य बंध तुटला आहे आणि त्याखालची गादीही फाटली आहे. शस्त्रक्रिया झाली. पोरगा आता ट्रॅक्टर चालवतो, पण उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढताना दबकतो. त्याची आई मला म्हणाली, “साहेब, पडला असता तर काय इज्जत जाणार होती काय?”

जपानी लोकांनी ज्यूदो हा त्यांचा कुस्तीसारखा खेळ १८८२ साली रचला. कानो जिगोरो या शिक्षकाने तो उभा केला. त्यात पडण्याचे शिक्षण आधी, पाडण्याचे नंतर. असे असूनही १९८३ पासूनच्या सुमारे तीस वर्षांत जपानच्या शाळांतून ज्यूदोपायी शंभरावर मुले दगावली. त्यांत नव्याने खेळायला लागलेली, पहिल्या वर्षाची मुले पुष्कळ होती, आणि मार बहुतेक डोक्याचा. पाय मागून अडकवून सरळ मागे पाडायचा एक डाव आहे, आपल्या बाहेरून घातलेल्या टांगेसारखा. त्यात नवख्याचे डोके मागच्या बाजूने आपटते. एवढेच नव्हे, डोके जमिनीला न लागताही नुसत्या जोरदार हिसक्याने मेंदूवरची बारीक शीर फुटू शकते, हेही तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले. आरडाओरडा झाल्यावर तिथे शिकवण्याच्या पद्धतीत सुधारणा झाल्या. आपल्याकडे तालमीतल्या दुखापतींची कोणी वही ठेवत नाही. माझ्या मते प्रत्येक तालमीने एक साधी वही ठेवावी. तारीख, पोराचे वय, कोणता डाव, काय लागले. जमाखर्च लिहिणाऱ्याला गळती कुठे आहे ते सापडते.

आता पाडणाऱ्याकडे वळू. लढतीत जोडीदाराला सांभाळून खाली आणणे ही पाडणाऱ्याची जबाबदारी आहे. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या कुस्तीत तर तसा नियमच आहे. प्रतिस्पर्ध्याला उचलले, की त्याला सुखरूप खाली ठेवणे उचलणाऱ्यावर असते, आदळले तर दंड बसतो. आपल्याकडे कलाजंग किंवा धोबीपछाड मारताना पोरगे जोडीदाराबरोबर स्वतःही त्याच्या छातीवर धाडकन कोसळते, आणि बघणारे वाहवा म्हणतात. तालमीत शेवटपर्यंत त्याचा हात धरून ठेवावा, तो धरलेला हातच त्याचे डोके वर ठेवतो. ढाक मारताना समोरच्याचा हात आपल्या काखेत आवळलेला असतो. तो सोडवून घ्यायला झटका देऊ लागला, तर आपण पकड ढिली करावी, नाहीतर कोपर किंवा खांदा जातो. आणि मोठ्या उचलीचे डाव नवख्यावर मुळीच नकोत.

दोन्ही पायांची कैची करून उभ्या माणसाच्या पायांवर बाजूने झेप घेण्याचा एक प्रकार काही पोरे हौसेने करतात. तो तालमीतून हद्दपार करावा. यासुहिरो यामाशिता हा जपानचा नामांकित ज्यूदोपटू, १९८४ च्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. १९८० साली अशाच कैचीने त्याच्या पायाचे हाड मोडले होते. पुढे ज्यूदोत त्या डावावर बंदी आली. एवढ्या कसलेल्या माणसाचा पाय जिथे वाचला नाही, तिथे आपल्या बाळ्याचा काय वाचणार?

जोड लावण्याविषयी शेतकऱ्याला काही सांगावे लागू नये. खोंडाला पोक्त बैलाशेजारी जुंपले तर जू कोणाच्या मानेवर येते, ते आपण जाणतो. तरीही तालमीत सत्तर किलोच्या गड्यासमोर पन्नास किलोचे पोर उभे करतात, “तयार होतो” म्हणून. वजनात पाच-सात किलोंपेक्षा जास्त फरक नको. लहान मुलांत वयही बघावे, कारण चौदाव्या वर्षी एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसरा अजून पोरच असतो. आणखी एक गोष्ट, जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दोन अगदी नवखे एकमेकांत लावणे धोक्याचे असते. दोघांनाही पाडता येत नाही, पडता येत नाही आणि थांबता येत नाही. नवख्यासमोर मुरलेला, शांत डोक्याचा गडी द्यावा. त्याला वस्तादांनी सांगावे, आज तुझे काम बचाव करण्याचे. “बस” म्हटले किंवा अंगावर दोनदा थाप मारली, की त्या क्षणी हात सुटला पाहिजे. हा शब्द आधी ठरवलेला असावा आणि जो तो पाळत नाही, त्याला आठवडाभर लढत बंद.

मुलींचेही हेच. २०२३ साली महिलांसाठी महाराष्ट्र केसरी सुरू झाल्यापासून कितीतरी आया मला विचारतात, “साहेब, पोरीला घालावी का?” घालावी. पण तिच्या वजनाची दुसरी मुलगी त्या तालमीत आहे का ते आधी बघावे. मुलींना गुडघ्याचा बंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा अधिक असतो. तेव्हा उडी मारून गुडघा न लचकता, पाय किंचित वाकवून जमिनीवर कसे यावे, याचा सराव तिच्याकडून आधी करून घ्यावा.

आता माझ्या हक्काच्या विषयाकडे येतो. माती!

हौद्याला काळी माती चालत नाही. ओली झाली की पायाला चिकटते, वाळली की ढेकूळ धरते. हौद्याची माती तांबडी, बारीक चाळणीने चाळलेली. तिच्यात ताक, तेल, लिंबाचा रस, हळद, कापूर घालायची रीत आहे. तेलाने आणि ताकाने माती मऊ राहते, फुफाटा उडत नाही, हा त्यातला रोकडा फायदा. पण नुसते तेल-ताक ओतून भागत नाही. मातीला वाफसा पाहिजे, जसा पेरणीला पाहिजे तसाच. मूठभर माती दाबावी. गोळा व्हावा, पण बोटाने टिचकी मारताच तो फुटावा, आणि तळहाताला चिखल लागू नये. याहून ओली असेल तर पाय सरकतो. याहून कोरडी असेल तर पडणाऱ्याला ती फरशीसारखी लागते आणि धूळ डोळ्यांत जाते.

दुसरे असे, की बहुतेक तालमींत रोज सकाळी फावड्याने वरची चार बोटे माती हलवतात आणि आखाडा खणला म्हणतात. नांगर वर्षानुवर्षे एकाच खोलीवर चालवला, की त्याखाली कडक थर धरतो आणि पाणी मुरत नाही, हे आपण शेतात पाहतो. हौद्यातही तोच थर धरतो. वरून भुसभुशीत दिसते, पण पोर आदळले की ते त्या थरावर आदळते. महिन्यातून एकदा तरी कुदळीने वीत-दीड वीत खोल खणून माती खालीवर करावी. उलट बाजूही आहे. माती फार खोल आणि फार मोकळी झाली, तर पाऊल घोट्यापर्यंत रुतते, आणि रुतलेल्या पावलावर अंग फिरले की काय होते ते वर सांगितलेच आहे. म्हणून खणल्यावर सपाट करून, चालून थोडी दाबून घ्यावी. खडे, खापऱ्या, काचेचा तुकडा कुठे राहिला का, ते हाताने चाचपावे.

शेतातली माती आणून हौद्यात टाकू नका. आपण तिला शेणखत घालतो, आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. कुत्र्या-मांजरांनी हौद्यात घाण करू नये म्हणून दाराला जाळी हवी. सरकारी लसीकरणात मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वाताची सुई असते, ती चुकवू नये, आणि मोठ्या पैलवानाने दर दहा वर्षांनी घ्यावी. मातीने भरलेली खोल जखम झाली, तर साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

गादीवर लढणाऱ्यांचे दुखणे वेगळे. माती वेग मारते, गादी मारत नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादी त्यांच्या सवयीची नव्हती, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी ब्राँझपदक घेतले. आज गावच्या पोराला सकाळी माती आणि सायंकाळी गादी अशी दोन्ही करायची असतात. मातीवरून गादीवर गेल्यावर पहिले काही दिवस लढत निम्म्या जोरानेच करावी. बूट गादीला चिकटतो, त्यामुळे पाय फिरत नाही आणि गुडघा पिळतो. गादीच्या जोडांवर फट पडली असेल तर अंगठा त्यात अडकतो. घाम सांडला की लगेच पुसावा.

वर म्हटलेला चौथा प्रकार हा असा. लहानशा हौद्यात पाच-पाच जोड्या एकाच वेळी घुमतात. एक जोडी कोसळते ती शेजारच्या उभ्या पोराच्या गुडघ्यावर, तेही बाजूने. त्याला कळायच्या आत पाय गेलेला असतो. मी पाहिलेल्या कितीतरी लंगड्या पायांचे मूळ यात आहे. जागा लहान असेल तर दोन जोड्या लढवा, बाकीच्यांनी कडेला उभे राहून मध्ये येणाऱ्यांना अडवावे. हौद्याच्या कठड्याला भुसा भरलेली पोती लावावीत, पोत्याला खर्च नाही. हातातले कडे, अंगठी, गळ्यातला ताईत काढून ठेवावा, नखे कापावीत.

दिवसभर ऊस तोडून आलेल्या पोराने त्या दिवशी उभी लढत करू नये. थकल्या पायांना तोल सावरत नाही. त्याने हलके अंग मोकळे करून घरी जावे आणि झोपावे.

इतके करूनही लागायचे ते कधीतरी लागतेच. तेव्हा तालमीत एक रुंद फळी आणि दाराजवळ १०८ हा आकडा लिहिलेला असावा. मानेवर पडून पोर हातापायांत मुंग्या आल्याचे किंवा मान दुखत असल्याचे सांगू लागले, तर त्याला उठवू नका, बसवू नका, हातपाय धरून उचलू नका, आणि मान झटकून “बसवायला” कोणाला हात लावू देऊ नका. डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून ते आहे तसे स्थिर धरा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबा. डोक्याला मार बसल्यावर पोर बावरले, तेच ते विचारू लागले, उलटी झाली, फार झोप येऊ लागली, तर सरळ दवाखाना. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा लढत नाही, आणि पुढे डॉक्टरने परवानगी दिल्याशिवाय नाही. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो.

सांधा सुजला तर पहिले दोन दिवस चोळणे नाही, शेक नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, आणि पाय उशीवर उंच. आवाज होऊन काही तासांत सुजलेला गुडघा हाडांच्या डॉक्टरला दाखवलाच पाहिजे.

कानाचेही सांगतो. पैलवानाचे फुटलेले कान ही आपल्याकडे शोभा मानतात. कान सुजून पाण्याच्या फुग्यासारखा झाला, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरकडून ते रक्त काढून दाबपट्टी बांधून घेतली, की कान पूर्ववत होतो. पुढे तो दगडासारखा होतो, मग इलाज अवघड. घरी सुईने टोचू नये, कूर्चा सडते. कोणाला तसेच कान ठेवायचे असतील तर त्याची मर्जी. मला स्वतःला त्यात काही शोभा दिसत नाही.

पुढच्या अंकात उन्हाळी भुईमुगाच्या आऱ्या आणि पाण्याच्या पाळ्या.